भार आल्यावर आवळणे

१२ सप्टेंबर १९७३, बुधवार

गाडी ओढ्यात गेली.

एवढंच लिहून वही मिटणार होते, पण झोप येत नाही आणि बोलायला कोणी नाही. पेंड आणायला कराडला गेले होते. येताना गावाअलीकडच्या ओढ्याच्या मोरीवर समोरून बैलगाडी आली. मी डावीकडे घेतलं, जरा जास्तच घेतलं. पुढचं डावं चाक मोरीच्या कडेवरून खाली आदळलं आणि गुडघ्यावर उसाचं कांडं मोडावं तसा आवाज झाला. उतरून पाहिलं तर चाक खेकड्याच्या नांगीसारखं बाहेर वळलेलं.

बैलगाडीवाला धावत आला. "लागलं न्हाई न्हवं, बाई?" म्हणाला. लागलं नाही म्हटल्यावर त्याला धीर आला. "मोटार चालवायला गडी ठेवावा वो. ह्ये बायामाणसाचं काम हाय व्हय?"

आमच्या शेतावरचा नाथाजी बैल घेऊन येईपर्यंत तास गेला. तोवर मी गाडीतच बसले. स्टिअरिंगपुढे नाही, डाव्या बाजूला. पंधरा वर्षं तिथेच बसत आले. ह्यांना जाऊन चौदा महिने झाले, तरी गाडीत शिरताना पाय आधी डावीकडेच वळतात.

१४ सप्टेंबर, शुक्रवार

रहिमान मिस्त्री येऊन गेले. कराडच्या नाक्यावर ट्रकांची दुरुस्ती करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. आता तो कारखाना त्यांचा मुलगा महंमद पाहतो आणि मिस्त्री आपल्या गावात घरी असतात. हे आणि मिस्त्री एकाच शाळेत चौथीपर्यंत होते. हे फौजेतून सुभेदार-मेजर होऊन परतले, तेव्हा ही हिरवी विलायती पिकअप मिस्त्रींनीच पारखून दिली होती.

ते गाडीखाली शिरले आणि बराच वेळ नुसते हुंकार ऐकू येत राहिले. मग बाहेर येऊन धोतराच्या सोग्याने हात पुसत म्हणाले, "खालचा आर्म गेलाय, वैनीसाहेब. चाक धरून ठेवतो न्हवं, त्यो. वाकलाय आन चिरलाय बी."

"नीट होईल?"

"सरळ करून भागणार न्हाई. दुसरा घालाय पायजे. आन असली गाडी आता जिल्ह्यात कुणाकडं हाय?"

त्यांच्या ट्रकांना पुढे एकावर एक लोखंडी पाटे असतात. हिला स्प्रिंग आणि आर्म. "विलायती नखरे," असं म्हणून त्यांनी चाकावर थोपटलं. मला ते थोपटणं आवडलं.

१९ सप्टेंबर, बुधवार

कृष्णातचं पत्र. ओढ्याची बातमी पुण्याला माझ्या आधी पोचलेली.

"आई, ती गाडी भंगारात देऊन टाक. घर गावापासून अर्धा मैल लांब, रात्री दिवा मालवलास की हाकेला माणूस नाही. आज चाक मोडलं, उद्या काय मोडेल? मी दसऱ्याला येतो. सामान बांधून ठेव. वरची खोली तुझ्यासाठी रंगवून घेतली आहे. तुला आवडतो तसा फिका पिवळा."

मला पिवळा आवडतो हे त्याला कोणी सांगितलं? मी तर सांगितलेलं आठवत नाही.

चूल पेटवायच्या आधी उत्तर लिहिलं, नाहीतर लिहिलं गेलं नसतं. "दसऱ्याला सकाळच्या गाडीने ये. मी पिकअप घेऊन कराड स्टेशनवर येईन. तिने तुला घरी आणलं तर पुण्याचं नाव पुन्हा काढायचं नाही. मी आले नाही तर एस.टी.ने घरी ये, सामान बांधलेलं असेल."

पत्र टाकून आले. गाडी परसात तीन चाकांवर आणि एका लाकडी ओंडक्यावर उभी आहे. दसऱ्याला सतरा दिवस.

२२ सप्टेंबर, शनिवार

पोस्टकार्ड आलं. "मान्य. कृष्णात." बापाचा मुलगा.

आज ह्यांची पत्र्याची पेटी उघडली. चौदा महिन्यांत पहिल्यांदा. वर टोपी, टोपीखाली मोठा पाना, जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला. त्याखाली बिस्किटांचा डबा आणि त्यात तेलकट कागदात रबरी बुशांची एक जोडी, अगदी कोरी. सगळ्यात खाली गाडीचं इंग्रजी पुस्तक.

बुश पाहून मिस्त्री लहान मुलासारखे हसले. "साहेबांनी ठेवलं व्हय जपून! आर्मच्या सांध्यात बसतंय ह्ये. मिळालं नसतं बघा, मुंबईतबी न्हाई. आता आर्म तेवढा गावू दे. पर ही एकच जोडी हाय. फाटली की संपलं." मग पुस्तकाकडे पाहून म्हणाले, "ह्यात काय लिवलंय?"

"गाडी कशी उघडायची, कशी बसवायची ते."

"मग वाचा की. मला कुठं इंग्रजी येतंय?"

मी पाट घेऊन गाडीशेजारी बसले आणि वाचलं. आधी इंग्रजी, मग मराठीत अर्थ. पाचगणीच्या शाळेत आमच्या मोठ्या सिस्टर वाचताना पाठीला लाकडी पट्टी लावून पाहायच्या. पाठ ताठ, आवाज मागच्या बाकापर्यंत, शब्दाचं शेपूट खायचं नाही. चाळीस वर्षांनी कोणापुढे मोठ्याने वाचलं. पाठ आपोआप ताठ झाली.

मिस्त्री गाडीखालून "हां", "हां" करत होते. त्यांना माझा किती उपयोग होतोय हे पाहून बरं वाटलं.

२५ सप्टेंबर, मंगळवार

आज चाक उतरवण्याचं पान वाचलं. वाचून पाहते तर मिस्त्रींनी चाक आधीच उतरवून पेरूच्या झाडाला टेकवून ठेवलं होतं.

"अहो, मी आत्ता वाचतेय!"

"तुमी वाचा. बरोबर केलंय का न्हाई ते कळायला नगो?"

भामाबाई भांडी घासता घासता हसली. भामाबाई माझ्याकडे वीस वर्षं आहे आणि तिच्या हसण्याचं कारण विचारायचं नसतं.

दुपारी कंटाळा आला नाही. हे लिहून ठेवावंसं वाटलं.

२७ सप्टेंबर, गुरुवार, घटस्थापना

घट बसवले. एकटीच्या घरात नऊ दिवसांची माळ म्हणजे नऊ दिवस स्वतःसाठी फुलं तोडल्यासारखं वाटतं, पण बसवले.

आज स्प्रिंग काढली. मिस्त्रींनी सगळ्यांना लांब व्हायला सांगितलं. ती दाबून बसवलेली असते, सुटली तर माणसाची छाती फोडते म्हणे. त्यांनी आर्मखाली जॅक लावला, स्प्रिंगला साखळी बांधली, नट काढले आणि मग जॅक एकेक दाता खाली सोडला. मी पुस्तक छातीशी धरून तुळशीपाशी उभी. नाथाजीसुद्धा बोलत नव्हता, आणि तो तर बैलांशीही बोलतो. जॅकची कटकट तेवढी ऐकू येत होती.

स्प्रिंग निमूट खाली आली. मिस्त्रींनी ती माझ्यापुढे ठेवली. "घ्या. आता कायबी करत न्हाई. ताण गेला की गरीब असती बिचारी."

पूर्वीचं एक आठवलं. अशीच गाडी ह्याच परसात उघडलेली, उन्हाळा होता. हे गाडीखाली. मला म्हणाले, "अंजना, मागे बस जरा. मला सोबत होईल." हे असं कधी बोलत नसत. मी मागच्या हौद्यात बसले, तासभर. शाळेतलं एक इंग्रजी गाणं गुणगुणत होते. आम्ही दोघंच. खालून पान्याचा आवाज, वर मी. लग्नाच्या चौतीस वर्षांत मला सोबतीला बोलावलं ते तेवढं एकदा. पुष्कळ वेळा ती दुपार पुन्हा काढून पाहते, पैठणी काढून पाहतात तशी.

३० सप्टेंबर, रविवार

आर्म मिळाला! महंमदने कोल्हापुरात एका भंगारवाल्याकडे हिच्याच जातीची मेलेली गाडी शोधली. स्वतः घेऊन आला. "खाला, अब्बा हल्ली घरी गाडीशिवाय दुसरं बोलत नाहीत," म्हणाला. मी म्हटलं, काम अडलेलं आहे म्हणून असेल.

मिस्त्रींचे रोजे सुरू झाले आहेत. पाणीसुद्धा नाही, आणि आश्विनातलं ऊन. मी म्हटलं, ईद होऊ दे, मग करा. तर म्हणाले, "कृष्णातराव ईदला येणार हायत का दसऱ्याला?" म्हणजे गावात सगळ्यांना माझी पैज ठाऊक आहे. नाथाजीचं तोंड.

आता मी त्यांच्यासमोर चहा पीत नाही. भामाबाईलाही सांगितलं. ती म्हणाली, "आवं, तुमी उपाशी ऱ्हायल्यानं त्यांचं प्वाट भरणार हाय व्हय?"

३ ऑक्टोबर, बुधवार

जुने बुश काढताना छिन्नी लागली, नवे बसवताना साबणाचं पाणी आणि एक नळीचा तुकडा. रबर आत जाताना कुरकुरलं. मिस्त्रींचे हात दुपारनंतर थरथरतात. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

रबराचं काम त्यांना नवं आहे. ट्रकला पितळी बुश असतात, ग्रीस भरलं की झालं. म्हणून आज खरोखरच त्यांनी दोनदा विचारलं, "ह्याला ग्रीस लावायचं का न्हाई? बघा नीट." पाहिलं. लावायचं नाही. रबर खराब होतं.

आर्म बसला. स्प्रिंग बसली. नट हातानेच फिरवून ठेवले आहेत. उद्या आवळायचे आणि गाडी जमिनीवर.

४ ऑक्टोबर, गुरुवार, अष्टमी

काम झालं. गाडी चार चाकांवर उभी आहे. तरी मन स्वस्थ नाही, आणि का ते लिहायची लाज वाटते.

मिस्त्री घाईत होते. उद्या खंडेनवमी. हत्यारं आज संध्याकाळी धुऊन उद्या पूजेत मांडायची, आणि दसऱ्याला सोनं लुटून झाल्याशिवाय उचलायची नाहीत. त्यांच्या वडिलांपासून हा नेम. "गिऱ्हाईक समदं पूजावालं," ते म्हणतात. "त्यांच्या गाडीखाली जीव घालायचा, तर त्यांचा नेम मोडून कसं चालंल?"

ऊन उतरत होतं. ते गाडीखालून म्हणाले, "वैनीसाहेब, शेवटचं पान तेवढं वाचा. आवळायचं."

मी पान उलटलं. छापील मजकुराच्या कडेला ह्यांचं अक्षर. पेन्सिलीने, बारीक, भरगच्च. मधल्या ओळीत "अंजना".

ह्यांनी माझं नाव लिहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. फौजेतून पत्रं यायची ती आमच्या सासऱ्यांच्या नावे, शेवटी "सर्वांस नमस्कार". त्या सर्वांत मी. आणि इथे, ग्रीसच्या डागाशेजारी, माझं नाव. पुढची अक्षरं दिसेनाशी झाली. मी पुस्तक मिटलं.

"काय म्हणतंय?"

"काही नाही," मी म्हटलं. "घट्ट आवळा म्हणतंय. एवढंच."

त्यांनी आवळलं. दोन्ही हातांनी, सगळं वजन टाकून. मग ओंडका काढला, जॅक सोडला. गाडी खाली आली, पण डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं वर राहिला. "रबर नवं हाय, बसंल," मिस्त्री म्हणाले, पण बराच वेळ तिथेच उकिडवे बसून पाहत राहिले. बांगेची वेळ झाली तेव्हा उठले.

सिस्टर म्हणायच्या, वाचताना ओळ गाळणं म्हणजे खोटं बोलणं.

५ ऑक्टोबर, शुक्रवार, खंडेनवमी

सकाळी कोयते, खुरपी, विळे, नांगराचा फाळ, सगळं नाथाजीने मांडलं. गाडीला हळदकुंकू, झेंडूची माळ. माळ मी स्वतः बॉनेटवर मधोमध ठेवली. थोड्या वेळाने पाहते तर घसरून उजवीकडे पडलेली. पुन्हा ठेवली. पुन्हा घसरली. गाडी अजून तिरपी होती.

मग मात्र आत गेले, चष्मा पुसला, पान उघडलं आणि सगळं वाचलं.

छापील मजकूर असा: रबरी बुशांचे नट चाक हवेत असताना आवळू नयेत. गाडी जमिनीवर उभी करून, माणसं बसवून, भार आल्यावर आवळावेत. अन्यथा रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि थोड्याच मैलांत फाटतं.

कडेला ह्यांचं: "मे ६७. पहिली जोडी हवेत आवळली, कराडला जाऊन येईतो फाटली. दुसऱ्या वेळी भार आल्यावर आवळणे. मागे अंजनाला बसवलं, वजन पुरेना. भामाला जात्याच्या तळीसकट बसवलं, मग पुरलं. अंजनाने का म्हणून विचारलं नाही. गात होती. तिला सांगणे राहून गेलं."

तीनदा वाचलं.

म्हणजे ती दुपार. मला सोबतीला बोलावलं नव्हतं, वजनाला बसवलं होतं. आणि भामाबाई! भामाबाई होती? मी तिला हाक मारली. "भामे, मे महिन्यात कधी गाडीत बसली होतीस? हे खाली काम करत होते तेव्हा?"

"बसले हुते की! मांडीवर जात्याची तळी. पाय मेले माजे. तुमी आपल्या डोळे मिटून गात हुता. मी दोनदा म्हनलं, बाई, सरा जरा. ऐकाय तयार न्हाई."

मला हसू आलं. मग हसू थांबलं आणि दुसरं आलं. भामाबाईने पदर पुढे केला. माझा नव्हे, तिचा.

पण रडत बसायला वेळ नव्हता. उद्या सकाळी स्टेशन. इथून कराड अकरा मैल, जाऊन येऊन बावीस. अशीच नेली तर वाटेतच रबर फाटणार, आणि दुसरी जोडी जगात नाही. नेली नाही तर कृष्णात एस.टी.ने येणार आणि मी फिक्या पिवळ्या खोलीत जाणार. आणि हत्यारं उद्या संध्याकाळपर्यंत पूजेत. हे सगळं कोणामुळे? मी एक पान गाळलं म्हणून.

दिवस मावळताना पुस्तक घेऊन मिस्त्रींच्या घरी गेले. पस्तीस वर्षं हे घर ओळखते, आत कधी गेले नव्हते. सुगराबी, म्हणजे त्यांची बायको, थाळीत खजूर मांडत होती. रोजा सुटायला थोडा वेळ होता. मला पाहून ती घाबरली. "काय झालं वो वैनी?"

मी दारातच उभी राहून सांगितलं. पान होतं, मी वाचलं नाही, खोटं बोलले. मग तिथेच, पाठ ताठ ठेवून, सगळं वाचून दाखवलं. छापील आणि कडेचंही. जातं आणि भामाबाईसकट.

मिस्त्री भिंतीला टेकून ऐकत होते.  मला वाटलं, आता ते उठून जातील.

"सोबत होईल म्हनाला का तुमास्नी?"

"हो."

"लय लबाड गडी." त्यांनी डोळे पुसले. "चौथीत बी असाच हुता. वैनी, चूक तुमची एकलीची न्हाई. आवळताना रबर कुरकुरलं न्हाई, ओरडलं. हाताला कळलं हुतं. पर उद्याची पूजा डोक्यात, आन घसा तहानेनं सुकल्याला. म्हनलं, बसंल."

बांग झाली. सुगराबीने पहिला खजूर त्यांना दिला, दुसरा मला. मी रोजा धरला नव्हता, तरी घेतला.

"आता काय?" मी विचारलं.

"माझी हत्यारं पूजेत हायत. मी हात लावणार न्हाई." ते खजुराची बी हातात फिरवत राहिले. "साहेबांचा मोठा पाना कुटं हाय?"

"पेटीत."

"पूजेत मांडला का?"

मांडला नव्हता. बाहेर काढायचं धाडस झालं नव्हतं.

"मग त्यो मोकळा हाय. आवळणारा हात बी मोकळा पायजे." आणि माझ्या हातांकडे पाहिलं.

"मी? मला जमेल का?"

"चौदा म्हैनं गाडी चालिवताय. चाळीस वर्सांच्या धंद्यात म्या बाईला गाडीखाली पायलं न्हाई, म्हनून काय जमत न्हाई व्हय? मी बाजूला बसून सांगतो. पुस्तक बघून." मग सुगराबीला म्हणाले, "सकाळी तू बी चल. वजनाला."

"म्या काय जातं हाय का?" सुगराबी म्हणाली.

६ ऑक्टोबर, शनिवार, दसरा. सकाळी

उजाडताच सगळे आले. नाथाजी स्टिअरिंगपुढे, बायको रंगूबाई त्याच्या शेजारी. मागे हौद्यात सुगराबी, भामाबाई आणि शेजारच्या मळ्यातली हरणाबाई, जिला कोणी बोलावलं नव्हतं. भामाबाईने आल्याआल्या सांगितलं, जातं मी धरणार न्हाई. कोणी म्हटलंही नव्हतं.

मी नऊवारी खोचून पोत्यावर आडवी होऊन गाडीखाली सरकले. चोपन्नाव्या वर्षी. आत पेट्रोलचा आणि मातीचा वास, आणि वर सगळ्या बायकांचं हसणं. डोक्याशेजारी मिस्त्री उकिडवे, कोरडे ओठ.

"पयला ढिला करा. डावीकडं. हिसका द्या."

पाना हलेना. ह्यांचा हात तिथे झिजून मुठीची जागा गुळगुळीत झालेली. मी दोन्ही हात तिथे लावले आणि पाय चाकाला टेकवले. नट सुटला तेव्हा गाडी चक्क सुस्कारा टाकून खाली बसली. वर हरणाबाई किंचाळली.

"बसली! आता समद्यांनी गप बसा, हलू नगा. वैनी, आवळा."

आवळलं. मग दुसरा. तिथे जागा अडचणीची, पाना एका वेळी दोन बोटंच फिरतो. किती वेळ गेला कोण जाणे. वर बायका गप्प बसेनात. सुगराबी मधेच म्हणाली, "वैनी, तुमी कायतरी गात हुता म्हनं. म्हना की."

"इथून?"

"मग काय झालं?"

मी म्हटलं. आधी कडवं विसरले, मग आठवलं. एक अक्षरही कोणाला कळलं नसेल.

बाहेर येऊन माळ बॉनेटवर ठेवली. मधोमध राहिली. आता निघते.

त्याच दिवशी, संध्याकाळी

नीट लिहिते.

स्टेशनवर कृष्णात उतरला तेव्हा तो एस.टी. स्टँडकडे जाणाऱ्यांच्या गर्दीत होता. इकडेतिकडे पाहतसुद्धा नव्हता. मी हॉर्न वाजवला. तो थांबला, वळला, आणि तिथेच उभा राहिला. बॅग खाली ठेवली. चेहऱ्यावर काय होतं मला वाचता आलं नाही. हरल्याचं तर नव्हतं.

आपणच चालवायच्या सवयीने उजव्या दाराशी आला. मी तिथे बसलेली. मग पुढून वळसा घालून गेला आणि डावीकडे बसला. माझ्या जागी.

 मोरी आली तेव्हा त्याने पुढच्या फळीवर हात घट्ट रोवला. मी हळू केली, समोर बैलगाडी नव्हती, पार झालो. काही वाजलं नाही. तेव्हा तो म्हणाला, "तुझ्या हाताला काय लागलंय?"

"ग्रीस."

संध्याकाळी सोनं द्यायला मिस्त्री, सुगराबी, नाथाजी, सगळेच आले. कृष्णात वाकून सगळ्यांच्या पाया पडला. मिस्त्रींनी रोजा आमच्या ओसरीवर सोडला. दुपारीच खजूर आणून ठेवायला नाथाजीला कराडला पाठवलं होतं. एस.टी.ने. गाडीला आज पुरे.

९ ऑक्टोबर, मंगळवार

कृष्णात आज गेला. तीन दिवसांत पुण्याचं नाव काढलं नाही. शब्दाचा पक्का.

सकाळी मी उठले तर तो कोट-पाटलोणीसह गाडीखाली. बाहेर येऊन म्हणाला, "चांगलं आवळलंय. कोणी?" मी म्हटलं, मी. तो हसला नाही. स्टेशनवर गाडी सुटताना खिडकीतून म्हणाला, "आई, त्या खोलीचा रंग तसाच ठेवतो. तू आठ दिवस राहायला म्हणून ये. तुझ्या गाडीने ये." मग आणखी काहीतरी म्हणाला, ते शिट्टीत गेलं.

परतताना मोरीवर लक्षात आलं, आज गाडीत शिरताना पाय डावीकडे वळला नाही.

घर फार शांत आहे. पेरूच्या झाडाला चाक टेकवलं होतं तिथे अजून गोल खूण आहे. भामाबाई सारवणार होती, मी म्हटलं राहू दे.

१४ ऑक्टोबर, रविवार

पाच दिवस काही लिहिण्यासारखं झालं नाही. काम संपलं, तेव्हा मिस्त्री येण्याचं कारण नाही. त्या पानावर ह्यांच्या ओळीखाली काहीतरी लिहावं म्हणून पेन्सिल घेतली होती, सुचलं नाही. परत ठेवली.

आज दुपारी फाटक वाजलं. मिस्त्री आणि सुगराबी. मिस्त्री गाडीला एक चक्कर मारून आले, चाकावर थोपटलं, आणि ओसरीच्या पायरीवर बसले.

"वैनीसाहेब, ब्रेकचं पान हाय का त्यात?"

"आहे की. चांगली अकरा पानं आहेत. का? ब्रेकना काही झालेलं नाही."

"व्हईल की कवातरी," मिस्त्री म्हणाले. सुगराबीने पाट आपणच ओढून घेतला आणि माझ्यासाठी दुसरा मांडला.

ब्रेक अगदी नवे आहेत, गेल्याच वर्षी महंमदने घातले. हे मिस्त्रींना ठाऊक असायला हवं. पण विसरले असतील, रोज्यांत होतं असं. मी चष्मा आणायला आत गेले.